दर्यानं न घेतलेला नारळ

माझे चुलते वारले तेव्हा त्यांच्या दहाव्याला कावळा शिवेना. निमगाव सावाला नदीच्या काठी सकाळपासून अर्धा गाव पिंडाकडं बघत उभा होता, आणि कावळा समोरच्या बाभळीवर बसून निवांत पंख साफ करत होता. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. अशा वेळी ज्यानं त्यानं पुढं यायचं, हात जोडायचे, मेलेल्याची राहिलेली इच्छा काय असेल ते ओळखायचं आणि ती पुरी करायचा शब्द द्यायचा. ओळख बरोबर निघाली की कावळा उतरतो.

वडील पहिले पुढं झाले. भावजयीला अंतर देणार नाही म्हणाले. कावळ्यानं मान दुसरीकडं वळवली. मग शेजारचा शेतकरी आला आणि आपण बांध थोडा आत सरकवला होता तो उद्याच मागं घेतो म्हणाला. ही गोष्ट तोवर आम्हा कुणालाच माहीत नव्हती. एकानं मोटेचा नाडा नेल्याचं कबूल केलं. एकानं चुलत्यांशी धरलेला अबोला सोडला, तोही चुलते गेल्यावर. ऊन डोक्यावर येईपर्यंत गावानं त्या पिंडासमोर जेवढं कबूल केलं तेवढं जुन्नरच्या कचेरीत वर्षभरात होत नसेल. बाभळीवरचा कावळा गप्प होता, माझ्या पोटातले तेवढे ओरडत होते.

शेवटी बायकांच्या घोळक्यातून काकी उठली. काकी म्हणजे माझी चुलती, गेलेल्यांची बायको. ती पिंडापाशी आली, पदर सावरला आणि हळूच म्हणाली, "म्या दर्याला नारळ दीन." कावळा खाली उतरला, पिंडाला चोच मारली आणि भाताचं शीत घेऊन गेला. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि जो तो जेवणाकडं धावला.

जेवताना चर्चा सुरू झाली की चुलत्यांचा आणि दर्याचा संबंध काय. चुलत्यांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. शेवटच्या रात्री तापात ते काहीतरी नारळाचं बोलले होते, पण ते ऐकायला उशाशी एकटी काकी होती. मग कुणीतरी आठवण काढली की तरुणपणी चुलते बैलांवर माल लादून घाटानं खाली कोकणात जायचे आणि येताना मीठ आणायचे. झालं, कोडं सुटलं. मीठ दर्याचं. ते चुलत्यांनी खाल्लं आणि विकलंही. खाल्ल्या मिठाला जागलं पाहिजे. सगळ्यांना हे इतकं पटलं की मला दुसऱ्यांदा भात वाढायचंही कुणाला सुचलं नाही.

चुलत्यांना मूलबाळ नव्हतं. अग्नी मीच दिला होता, म्हणून दर्याही माझ्याच गळ्यात आला. मी तेव्हा विशी ओलांडलेला, मराठी सातवी पास, आणि फाल्गुनात माझा कांदा काढणीला आलेला. मी वडिलांना म्हणालो, नारळ नदीत सोडू, नदी शेवटी दर्यालाच मिळते, हे पुस्तकात छापलेलं आहे. वडील म्हणाले, नदीनं वाटेत दुसऱ्याच कुणाला दिला तर? यावर पुस्तकात उत्तर नव्हतं.

काकीच्या डोक्यात एकच गोष्ट होती. कावळा शिवला खरा, पण तो शब्दावर शिवला. शब्द पुरा झाला नाही तर चुलते मधेच कुठंतरी अडकून पडणार, ना इकडचे ना तिकडचे. दहाव्यापासून ती नीट झोपत नव्हती. रात्री उठून बसायची आणि दाराकडं बघायची. हे पाहिल्यावर मी कांदा भावाच्या हवाली केला आणि काकीला घेऊन निघालो.

बैलगाडीनं मंचरला आलो. तिथल्या बाजारात चुलत्यांच्या ओळखीचे एक मुसलमान दुकानदार होते, पिढ्यानपिढ्या नारळ-सुपारीचा धंदा. त्यांनी ढिगातले नारळ एकेक करून कानाशी हलवले आणि चांगला पाण्यानं भरलेला एक काढला. कशाला हवा ते ऐकल्यावर त्यांनी तो पुन्हा एकदा पुसला. मग काकीला म्हणाले, "काकी, ह्यो दर्याकडनंच आलाय. आमी घाट चढवून आनला. तुमी परत खाली नेताय म्हंजी ह्याचं माहेरपणच झालं." काकीला ते फार आवडलं. तिथून पुढं तिनं नारळ फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतला तो लेकीला माहेरी न्यावं तसा. मंचरहून टांग्यानं तळेगाव, तळेगावहून आगगाडी. बोगदा आला की ती नारळावर हात ठेवायची.

सकाळी भायखळ्याला उतरलो तेव्हा काकीचा धाकटा भाऊ घ्यायला आला होता. हे मामा अवसरीचे. कापडाच्या गिरणीत कामाला, मुंबईत बरीच वर्षं काढलेली. बहीण येणार म्हणून त्यांनी खाडा केला होता आणि कोट घातला होता. अवसरीला जत्रेत आले की मामा मुंबईच्या गोष्टी सांगायचे. मुंबई त्यांनीच वसवली असावी असा ऐकणाऱ्याचा समज व्हायचा. मी त्यांच्यावर भरवसा ठेवला. नंतर दिवसभर मी त्या भरवशाला शिव्या देत होतो.

मामा म्हणाले, चालायचं नाही, ट्रामनं जायचं. पूर्वी ट्रामला घोडी होती, आता विजेवर चालते. काकीनं रुळावर उभी असलेली गाडी नीट बघून घेतली. पुढं बैल नाही, घोडं नाही, धूरही नाही. वर एक तार आणि तिला टेकलेली काठी. तिनं विचारलं की घोडी गेली कुठं. मामांनी वर तारेकडं बोट दाखवलं. काकीनं त्या तारेला हात जोडले आणि चपला हातात घेऊन वर चढली.

ट्राम हाकणारा पायानं घंटा वाजवायचा, समोरची माणसं बाजूला व्हावीत म्हणून. काकी दर घंटेला हात जोडू लागली. मामांनी तिला दबक्या आवाजात सांगितलं की ही देवळातली घंटा नाही. ती म्हणाली, असंना का, हात काय झिजत न्हाईत. थोड्या वेळानं समोरच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईनंही हात जोडायला सुरुवात केली. रस्त्यात गर्दी होती आणि हाकणारा घंटेवर पाय ठेवूनच होता, तेव्हा आमची अर्धी ट्राम भायखळ्यापासून पुढं नमस्कार करत निघाली.

कंडक्टर आला. कुठं जायचं? मामा म्हणाले, दर्यावर. कंडक्टरनं विचारलं, कुठल्या? मुंबईला तिन्ही बाजूंनी दर्या आहे. मामांनी माझ्याकडं पाहिलं, मी मामांकडं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मामांनी मुंबईत इतकी वर्षं काढली ती खोली आणि गिरणी यांच्यामध्ये, आणि दर्या त्यांनी आमच्याइतकाच पाहिला होता. पण कोट घातलेला माणूस असं कबूल करत नाही. ते म्हणाले, शेवटपर्यंतचं तिकीट द्या. रस्ता संपला की दर्याच लागणार, असा त्यांचा हिशेब.

शेवट आला. लोक उतरले. दर्या दिसेना, दिसली ती दुकानं, गाड्या आणि एक पाण्याचा नळ. मामा म्हणाले, हा शेवट नसेल, बसून राहा. हाकणाऱ्यानं आपला दांडा काढला, ट्रामच्या पाठीमागच्या टोकाला नेऊन बसवला, कंडक्टरनं बाकांच्या पाठी खटाखट उलट्या केल्या आणि आमचं पुढचं तोंड मागचं झालं. ट्राम निघाली. थोड्या वेळानं काकी म्हणाली की ही पितळेच्या भांड्यांची दुकानं मघाशी बघितल्यासारखी वाटतात. मग ती म्हणाली की हे देऊळही मघाशी बघितलं. मामा म्हणाले, मुंबईत सगळं सारखंच असतं. भायखळा आलं तेव्हा त्यांना हे म्हणता येईना. काकी कुणाला रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, हितं गेलेलं समदं परत येतं का रं? मी तेव्हा हसलो.

यानंतर कारभार मी हातात घेतला. सातवी पास कशासाठी झालो होतो? पाट्या वाचल्या, एका पानवाल्याला विचारलं, दोन ट्रामा बदलल्या आणि गिरगावातून चालत चौपाटीवर आलो. आता मी फुशारकीनं समोर हात करणार, तर दर्या नव्हता. वाळू होती, पुढं ओली वाळू होती, तिच्या पुढं चिखल होता आणि चिखलात एक होडी कुशीवर लवंडून पडली होती. फार लांबवर काहीतरी चकाकत होतं, पण ते उन्हातलं मृगजळही असू शकलं असतं.

काकी वाळूत उभी राहून बघत होती. तिनं विचारलं, कुठं हाय? मी तिथल्या फुटाणेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, गेलाय, येईल दुपारून. ओहोटी आणि भरती शाळेत वाचलेली होती, पण वाचलेलं आणि असं रिकामं अंगण बघणं वेगळं. मामा ओशाळले. आपण पाहुण्यांना कुणाच्या घरी घेऊन जावं आणि दाराला कुलूप असावं, तसा त्यांचा चेहरा झाला. काकीनंच त्यांची समजूत घातली. ती म्हणाली, आपण येणार हे त्याला कुठं ठाऊक होतं, सांगावा धाडायला पाहिजे होता. तो घरी नसताना नारळ उंबऱ्यावर टाकून जाणं तिला बरं वाटेना. मी म्हणालो, चिखलातून चालत जाऊन पाण्यात टाकून येतो. ती म्हणाली, जाणाऱ्याच्या पाठीमागं पळून कुणी देतं का? समोर यावं, मग द्यावं.

म्हणून जो दर्या घरी असेल असा दुसरा दर्या शोधायचा ठरलं. फुटाणेवाल्यानं पालवा बंदराकडं पाठवलं. तिथं दगडी धक्का आहे, तिथलं पाणी कुठं जात नाही म्हणाला. पुन्हा ट्राम, पुन्हा घंटा, पुन्हा नमस्कार. या खेपेला मी कंडक्टरला आधीच बजावलं की शेवट आला की आम्हाला हाताला धरून उतरवा. त्यानं आमच्यावर इतकी नजर ठेवली की प्रत्येक थांब्याला तो लांबून मान हलवून सांगे, हा नाही.

पालव्याला दर्या घरी होता. धक्क्याच्या दगडाला पाणी लागलेलं, हिरवं, खालीवर होणारं, आणि पलीकडं सगळं आभाळाला जाऊन मिळालेलं. मी बाजूला पाहिलं तर काकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती बराच वेळ तशीच उभी होती. मग तिनं नारळाला हळद-कुंकू लावायला मला दिलं, कारण तिनं लावायचं नव्हतं. चुलत्यांचं नाव मनात घेतलं, काहीतरी पुटपुटली आणि नारळ पाण्यात सोडला.

नारळ बुडाला नाही. आमच्या नदीत टाकलेला नारळही बुडत नाही, पण तो जातो. वाहत वाहत वळणापलीकडं जातो, आणि तो दिसेनासा झाला की आम्ही समजतो, पोचला. आमच्याकडच्या माणसानं जन्मभर पाणी पाहिलं ते एका दिशेनं जाणारं. इथं नारळ पाण्यावर बसून राहिला. थोडा वर झाला, थोडा खाली झाला. तेवढ्यात एक म्हातारा नावाडी होडी वल्हवत आला, त्यानं नारळ उचलला, पुसला आणि पायऱ्या चढून काकीच्या हातात आणून दिला. पडला होता तुमचा, म्हणाला.

मामांनी त्याला समजावलं की पडला नाही, टाकला. नावाड्याला हे पटेना. एवढा भरलेला नारळ कुणी टाकतं का? मी सगळी हकिकत सांगितली, कावळ्यापासून. ती ऐकून तो फार गंभीर झाला, मग असा काठावर कशाला टाकता म्हणाला आणि स्वतः होडीत बसून पार आत जाऊन नारळ सोडून आला. आम्ही त्याचे आभार मानले. तो गेला, आणि भरती लागली होती म्हणून नारळ पुन्हा काठाकडं आला. पायऱ्यांशी येऊन टक टक दगडाला लागत राहिला.

काकीनं तो वाकून उचलला. तिचा चेहरा उतरला होता. मला काळजी वाटली, आणि काळजी वाटली की मला राग येतो, हा माझा स्वभावच. मी म्हणालो, हे बंदर साहेबलोकांचं आहे, इथला दर्या आपला नाही. आपण आणखी पुढं जाऊ, टोकाला. हे मी कशाच्या आधारावर बोललो, मला अजून माहीत नाही. पण मामांना आधार मिळाला आणि काकीलाही थोडा मिळाला.

कुलाब्याच्या बाजूची ट्राम धरली. टोकाला उतरून मासळीच्या वासातून चालत खडकांवर गेलो. तिथं कुणी नावाडी नव्हता, धक्का नव्हता. भरती चांगली चढली होती आणि लाटा खडकावर येऊन फुटत होत्या. पहिल्यांदा काकीनं नारळ टाकला. लाटेनं तो तिच्या पायाशी आणून ठेवला. मग मामांनी कोट काढला आणि नारळ टाकला. दर्या तो घेऊन गेला, इतका आत नेला की आम्ही एकमेकांकडं बघून मान हलवली, आणि मग एका मोठ्या लाटेबरोबर परत आणून मामांच्या नडगीवर हाणला. मामा खाली बसले. मग मी. गोफण फिरवून पाखरं उडवणारा माझा हात. मी खडकाच्या अगदी कडेला जाऊन, दात-ओठ खाऊन, अंगात होतं नव्हतं ते सगळं लावून टाकला. तो गेला. आम्ही थांबलो. मामांनी नडगी चोळली. तेवढ्यात काकी म्हणाली, आला बघ.

खरंच आला. हळद-कुंकू सगळं धुऊन निघालेलं, शेंडी ओली, तोच नारळ.

मला आता सहन होईना. मी म्हणालो, बास झालं. फोडू आणि खाऊ. देणं आपल्या हातात, घेणं त्याच्या. काकीनं नारळ मांडीवर घेतला, त्याच्यावर पदर टाकला आणि खडकावर बसली. मग दर्याकडं बघत म्हणाली, "माहेरी ठेवून घीनात त्याला. ह्यो दर्याचा न्हवंच."

मला समजलं नाही. ती माझ्याकडं न बघता पुढं बोलू लागली. शेवटच्या रात्री चुलते नेमकं काय म्हणाले ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पश्चिमेला, जुन्नरच्या पार पलीकडं, कोकणात उतरणारा एक घाट आहे. त्याला दाऱ्या म्हणतात. चुलते तरुणपणी बैल घेऊन त्या वाटेनं जायचे. एकदा मिठाचं ओझं घेऊन चढताना त्यांचा बैल कड्याला घसरला आणि एका धोंड्याला अडकून वाचला. घाटमाथ्यावर शेंदराचा देव आहे. त्याला ते नारळ बोलले. पुढच्या खेपेला देऊ म्हणाले. पण पुढची खेप झालीच नाही. मीठ आगगाडीनं तळेगावला येऊ लागलं, बैलांचा धंदा बसला आणि चुलते निमगावच्या शेतात अडकले ते कायमचे. नारळ राहिला.

"त्ये दाऱ्या म्हनले का दर्या म्हनले, मला नीट ऐकू आलं न्हाई," काकी म्हणाली. "पर मला दर्या ऐकू यावा असं लई वाटत व्हतं. म्हनून म्या दर्या ऐकला."

का, ते मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं. लग्न होऊन आली तेव्हापासून चुलते तिला सांगायचे की दाऱ्यावर उभं राहिलं की दर्या दिसतो, चांदीच्या पत्र्यासारखा. तुला एकदा दावीन म्हणायचे. एका वर्षी बाजरी आडवी आली, एका वर्षी विहीर, एका वर्षी बैल. पुढं चुलते दमले आणि तिनंही विषय काढायचा सोडला. पिंडापाशी तिच्या तोंडातून दर्या निघाला आणि कावळा शिवला, तेव्हा तिला वाटलं की ह्यांचीही तीच इच्छा होती. आता दर्याच म्हणत होता की तुमचं माझ्याकडं काही नाही.

मी सातवी पास. दर्या आणि दाऱ्या मी मनातल्या मनात पाटीवर लिहून बघितलं. एका कान्याचा फरक, आणि र जरा वेगळा काढायचा. एका कान्यापायी आम्ही आख्खा दिवस ट्रामनं मुंबईच्या कडेकडेनं हिंडलो होतो, आणि काकीचा माणूस तिच्या मते अजून वाटेतच उभा होता. मला तिची फार दया आली. मी तिच्या शेजारी बसलो. मामांनी कोट घातला आणि तेही बसले. पाणी खडकावर येत होतं आणि जात होतं. थोड्या वेळानं काकीनं विचारलं की दाऱ्याला इथून कुठली ट्राम जाते.

ट्राम जात नव्हती, पण वाट होती. संध्याकाळची आगगाडी धरून आम्ही कल्याणला उतरलो. मामाही आले; आणखी खाडे पडतील म्हणालो तर पडू द्या म्हणाले. कल्याणहून मुरबाडकडं जाणारी बैलगाडी मिळाली, पुढं पायी. घाटाखालच्या गावात मुक्काम केला आणि तांबडं फुटायला चढायला लागलो. वाट म्हणजे दगड आणि कारवीची झुडपं. मामांची नडगी सुजली होती आणि मला घरी राहिलेला कांदा आठवत होता. काकी सगळ्यांच्या पुढं होती. मधेच एका दगडाशी थांबून ती म्हणाली की बैल हितंच घसरला असंल, आणि मी हो म्हणालो. तिला ते कसं कळलं ते मी विचारलं नाही, कारण तिलाही ते माहीत नसणार.

माथ्यावर शेंदराचा धोंडा होता. काकीनं नारळ त्याच्यासमोर ठेवला, मला फोडायला सांगितला. मंचरच्या दुकानदारानं चांगलाच काढून दिला होता. एवढा खाऱ्या पाण्यात भिजूनही आतलं पाणी गोड निघालं. दोन वाट्या देवापुढं ठेवल्या. आम्ही डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडले तर एकच वाटी होती आणि दुसरी घेऊन एक वानर कड्यावर जाऊन बसलं होतं. मामांनी दगड उचलला. काकीनं त्यांचा हात धरला. वानरानं खाली उतरून दुसरीही वाटी उचलली, आमच्यासमोरून, जराही घाई न करता.

"घेतला बाई एकदाचा," काकी म्हणाली आणि हसायला लागली. चुलते गेल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदा बघत होतो. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं, मग मामा हसले, आणि मलाही हसू आवरेना.

हसू सरल्यावर ती उठून कड्याच्या कडेला गेली. आम्ही तिच्या मागं उभे राहिलो. खाली कोकण धुरकट दिसत होतं, डोंगरापुढं डोंगर, आणि त्यांच्यापलीकडं काहीच नाही. पांढरी धूळ. चांदीचा पत्रा वगैरे काही नव्हतं. मी डोळ्यांवर हात धरून खूप पाहिलं, कारण काहीतरी दिसावं असं मला मनापासून वाटत होतं. काकीला तेवढं बघायची गरज पडली नाही. ती वळली आणि धोंड्यापाशी येऊन उभी राहिली, दाराशी आलेल्या माणसाशी बोलावं तशी.

"अवो, हितनं काय दिसत न्हाई," ती म्हणाली. "तुमालाबी कवा दिसला नसंल. म्या जवळनं बघून आले. लई मोठा हाय. आन् दिलेलं ठेवून घेत न्हाई."

मग तिनं नारळाचं रिकामं फडकं झटकलं, डोक्यावर घेतलं आणि जुन्नरच्या बाजूनं खाली उतरायला लागली.